खेळ कपाटात, नोंद कुठं?

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो नावाच्या गावी एक जुना कचराडेपो खणला गेला. अटारी कंपनीनं १९८३ मध्ये न खपलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी ट्रक भरभरून आणून तिथं पुरल्या होत्या. तीस वर्षं ही गोष्ट अर्धी बातमी, अर्धी अफवा म्हणून फिरत राहिली. खणल्यावर सुमारे तेराशे कॅसेटी हाती लागल्या. त्यांत स्पीलबर्गच्या सिनेमावर घाईघाईनं बेतलेला आणि अटारीची पुरती शोभा करणारा 'ई.टी.' हा खेळही होता.

पुढचा भाग जमवाजमव करणाऱ्यांनी नीट वाचावा असा आहे. 'ई.टी.'ची कॅसेट मुळीच दुर्मीळ नाही. ती लाखांनी निघाली होती आणि आजही काही डॉलरांत, तीही चालू स्थितीत मिळते. तरीसुद्धा अलामोगोर्डो शहरानं कचऱ्यातून निघालेल्या चेपक्या, मातकट कॅसेटींपैकी काहीशे विकायला काढल्या, तेव्हा एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली. एक कॅसेट थेट स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. विकल्या गेलेल्या कॅसेटीसोबत शहराचा क्रमांक होता आणि ती कुठून निघाली हे सांगणारं प्रमाणपत्र होतं. लोकांनी पैसे मोजले ते त्या कागदासाठी.

जुने इलेक्ट्रॉनिक खेळ जमवणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. जुन्या बाजारातून, भंगारातून, नातेवाइकांच्या माळ्यावरून आणि ऑनलाइन लिलावांतून त्यांचा संग्रह वाढत असतो. संग्रह वाढला की पहिला प्रश्न येतो जागेचा. कपाट कुठलं, खोकी कुठली, फळ्यांमध्ये अंतर किती, काचेचं दार की लोखंडी? हे प्रश्न गैर नाहीत, पण त्यांचा नंबर दुसरा. संग्रहात नेमकं काय आहे आणि ते कुठं लिहून ठेवलं आहे, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्यानं पुढची खरेदी थांबवलेली बरी.

या खेळांचा आकारच असा की ते नकळत साचत जातात. जुन्या मोटारी जमवणाऱ्याला निदान पार्किंगची जागा तरी आवर घालते. इथं मात्र बुटाच्या एका खोक्यात डझनभर खेळ मावतात. १९७६ साली मॅटेल कंपनीनं 'ऑटो रेस' काढला. हातात धरून खेळायचा, संपूर्ण इलेक्ट्रॉनिक असा तो पहिला खेळ मानला जातो. लाल दिव्यांच्या बारीक रेघा म्हणजेच गाड्या, आणि अख्खा प्रोग्राम अवघ्या ५१२ बाइट्सचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या हजारो पट जागा खातो. १९७८ मध्ये राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचा 'सायमन' आला; चार रंगांची चार मोठी बटणं, दिवे ज्या क्रमानं लागतील त्याच क्रमानं ती दाबायची. १९७९ मध्ये कॅसेट बदलता येणारा 'मायक्रोव्हिजन' आला. मग १९८० मध्ये निन्टेन्डोनं गुनपेई योकोई यांच्या कल्पनेतून 'गेम अँड वॉच' मालिकेतला पहिला खेळ, 'बॉल', बाजारात आणला. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला योकोईंना दिसला आणि तिथून ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्या मालिकेत पुढं जवळपास साठ प्रकार निघाले आणि जगभर चार कोटींहून जास्त नग खपले. मराठी घरांत यांतले काही आले ते आखातात नोकरीला गेलेल्या काकांच्या नाहीतर अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या मामांच्या बॅगेतून.

या खेळांचा सर्वांत मोठा शत्रू त्यांच्या पोटातच बसलेला असतो, तो म्हणजे सेल.

हा विषय थोडा तपशिलात पाहायला हवा, कारण अर्धे खेळ चोरीनं, आगीनं किंवा उंदरांनी जात नाहीत. विसरलेल्या सेलानं जातात. आपल्याकडचा स्वस्तातला साधा कार्बन-झिंक सेल घ्या. त्याचं जस्ताचं डबडं हे नुसतं वेष्टन नसतं. वीज तयार होताना तेच खर्ची पडतं. सेल जुना होतो तशी भिंत पातळ होत जाते, भोक पडतं आणि आतला आम्लधर्मी ओलावा बाहेर येतो. अल्कलाइन सेलाची तऱ्हा निराळी. त्याच्यात हळूहळू हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढला की सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला की त्याची पांढरी भुकटी होते. सेलाच्या कप्प्यात ती भुकटी दिसली की समजायचं, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या पडायला लागल्या असणार. पुष्कळदा हे द्रव्य तारेच्या आवरणाखालून सर्किट बोर्डापर्यंत पोचतं. वरून खेळ नवाकोरा आणि आतून संपलेला, असं होतं.

सफाईसुद्धा सेल पाहून करावी लागते. अल्कलाइनच्या पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब चालतो, कारण ती अल्कधर्मी असते. कार्बन-झिंकच्या गळतीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. गल्लत केली तर सफाईच्या नावाखाली गंज वाढतो. दोन्ही प्रकारांत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळवायचं. पण एवढा खटाटोप करायची वेळच येऊ नये यासाठी एक गोष्ट पुरते: खेळ घरात आला की सेल बाहेर. 'गेम अँड वॉच'मधले बटणसेलही याला अपवाद नाहीत. खेळून झालं की काढायचे, आणि घालायचे असतील तर अल्कलाइनऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचे घालायचे. ते कमी गळतात.

सेलानंतर नंबर उष्णतेचा. मराठी घरात नको असलेली पण टाकवत नसलेली प्रत्येक वस्तू माळ्यावर जाते. स्लॅबच्या लगत, एप्रिल-मे महिन्यांत घरातली सर्वांत तापणारी जागा तीच. एलसीडी पडद्यावर चिकटवलेला पोलरायझरचा पापुद्रा अशा उष्णतेत करपतो, तपकिरी होतो, सुटतो. काच शाबूत असते, चित्र मात्र दिसत नाही. काही खेळांत पडद्यातलं द्रव्यच कडेनं काळं होत आत पसरतं. 'मायक्रोव्हिजन'चे चालू नग आज फार थोडे उरले, त्याचं हे एक मोठं कारण. हिरवट-निळ्या प्रकाशाचे व्हीएफडी पडदे, म्हणजे १९८२ च्या सुमारास कोलेकोनं काढलेल्या टेबलावरच्या छोट्या 'पॅक-मॅन' आणि 'डाँकी काँग'मधले, त्या मानानं चिवट. ते जपून हाताळले तर साठवणीत सहसा बिघडत नाहीत. वापरानं मंद होतात.

प्लॅस्टिकचं म्हातारपण तर डोळ्यांना दिसतंच. करडे-पांढरे डबे उन्हानं पिवळे पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते पुन्हा पांढरे करायची युक्ती २००८ पासून जगभर लोकप्रिय आहे, पण पिवळेपणा परततो आणि अतिप्रयोगानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. पिवळा डबा हे त्या वस्तूचं खरं वय आहे. ते लपवण्यात एवढं काय मिळतं? त्यापेक्षा वायरींकडे लक्ष द्यावं. पीव्हीसीची वायर डब्याभोवती गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली तर वायर मऊ ठेवणारं रसायन झिरपून शेजारच्या प्लॅस्टिकात उतरतं आणि डब्यावर वायरीचा कायमचा खड्डा पडतो. वायर वेगळ्या पिशवीत ठेवावी, आणि पिशवीही पीव्हीसीची नको, पॉलिथिनची. रबरबँड तर नकोच.

आणि डांबरगोळ्या! कपड्यांच्या कपाटात खेळ ठेवले की त्यांच्या वाट्याला आपसूक डांबरगोळ्याही येतात. नॅफ्थॅलिनची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या काही प्लॅस्टिकांना मऊ आणि चिकट करते. ज्या गोळ्यांनी आजीची पैठणी टिकली, त्याच गोळ्यांनी नातवाचा व्हिडिओ गेम विरघळला, असं व्हायला वेळ लागत नाही. कसर लागू नये म्हणून खोकी स्वच्छ ठेवावीत आणि मधूनमधून उघडून पाहावीत, इतकं पुरे.

राहता राहिला पावसाळा. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. संग्रहालयांना ती साधारण पन्नासच्या आसपास हवी असते. घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे हा चांगला उपाय, पण ते कधी बंद केले यावर सगळं अवलंबून. भर पावसात बंद केलेला डबा म्हणजे आत कोंडलेला पावसाळा. हिवाळ्यात नाहीतर मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी सामान भरावं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारी नारिंगी जेल घ्यावी. निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ती घरात नको. जेल ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर सुकवली की पुन्हा कामाला येते. खेळाइतकाच जीव त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अडकलेला असतो, आणि बुरशीला पुठ्ठा फार आवडतो, हे दमट गावांतल्या मंडळींना सांगायला नकोच.

अडॅप्टरचं दुखणं वेगळंच. संग्रह वाढला की सगळे काळे अडॅप्टर एका पिशवीत जातात आणि घोळ सुरू होतो. अमेरिकेतल्या निन्टेन्डो एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्टचा एसी प्रवाह देतो. त्याच्याच जपानी भावंडाला, फॅमिकॉमला, डीसी लागतो. पिन मात्र दोघांत बसते. चुकीचा अडॅप्टर लावला की फॅमिकॉम जळतो. त्यात अमेरिकेचे अडॅप्टर १२० व्होल्टचे, जपानचे १०० चे, आणि आपल्या भिंतीत २३०. ज्या दिवशी यंत्र घरात आलं त्याच दिवशी त्याच्या अडॅप्टरला चिठ्ठी बांधली, तर हा घोळ होत नाही.

आता मांडणीकडे वळू. कंपनीवार लावायचं की सालवार, की अक्षरानुक्रमे, यावर संग्राहक तासन्‌तास वाद घालू शकतात. हा वाद निरर्थक आहे. फळीवर खेळ आकारानुसार ठेवावेत, कारण फळीला तेवढंच कळतं. जड तळाशी, नाजूक डोळ्यांच्या उंचीवर, उन्हापासून लांब. कंपनी, साल, प्रकार ही सगळी वर्गवारी वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात करावी. तिथं एकच खेळ एकाच वेळी दहा प्रकारांत बसू शकतो, आणि त्यासाठी कपाट पुन्हा लावावं लागत नाही.

जगातली संग्रहालयंही या बाबतीत फार शहाणी आहेत असं समजू नये. इक्रोम ही वारसाजतनाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि युनेस्को यांच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीतून असं दिसलं, की गोदामांत ठेवलेल्या संग्रहांपैकी सुमारे ६० टक्के धोक्यात आहेत. त्यातून छोट्या संग्रहालयांसाठी 'री-ऑर्ग' नावाची पद्धत पुढं आली. तिच्या दोन कसोट्या घरगुती संग्रहालाही तंतोतंत लागू पडतात. एक, कोणतीही वस्तू तीन मिनिटांच्या आत सापडली पाहिजे. दोन, ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. ज्यांच्याकडे कपाटापुढे खोकी आणि खोक्यांवर पिशव्या आहेत, त्यांनी आजच घड्याळ लावून एक खेळ शोधून पाहावा.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण इथं येतेच. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंची. त्या काळी या वस्तूंना कुणी वारसा म्हणत नव्हतं. संग्रह सुमारे वीस हजार वस्तूंवर पोचला आणि पुढं त्यांनी तो राज्य सरकारच्या हवाली केला. दालनांत एका वेळी त्यातला थोडाच भाग दिसतो. एका माणसाचा छंद पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडायचा तर वस्तूसोबत तिची माहितीही हस्तांतरित व्हावी लागते. अडकित्ता पाहून तो कशासाठी आहे हे निदान कळतं. पडदा गेलेला, नाव पुसलेला एलसीडी खेळ पाहून मात्र काहीच कळत नाही.

नोंदीत काय लिहायचं? क्रमांक, नाव, बनवणारा, साल, सोबत काय आहे आणि काय नाही, कोणते सेल लागतात, चालू आहे की नाही, आणि कुठल्या फळीवर कुठल्या डब्यात. एवढं सगळेच लिहितात. खरं मोल पुढच्या दोन रकान्यांचं: कुणाकडून आला, आणि त्यांनी काय सांगितलं. क्रमांकाचा स्टिकर खेळावर चिकटवू नये. गोंद डाग सोडतो. पिशवीवर किंवा सुती दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. एखादा खेळ उघडून दुरुस्त केला तर तेही लिहावं, आणि सुट्या भागांसाठी ठेवलेला नग वेगळा दाखवावा. नाहीतर संग्राहकाच्या पश्चात घरचे लोक त्या दोन्हींना एकच समजतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

निन्टेन्डोनं आपल्या खेळांना नेमके सांकेतिक क्रमांक दिले होते, त्यामुळं निदान तिथं काम सोपं आहे. 'डाँकी काँग' म्हणजे डीके-५२, 'ऑक्टोपस' म्हणजे ओसी-२२. तरीही गंमत पाहा. १९८१ मध्ये आलेले 'मिकी माउस' आणि 'एग' हे दोन खेळ आतून एकच. घरंगळणारी अंडी टोपलीत झेलायची, फक्त झेलणारा वेगळा. पुढं सोव्हिएत रशियात 'एलेक्ट्रोनिका'नं त्याचीच नक्कल काढली, आणि टोपली तिथल्या लोकप्रिय कार्टूनमधल्या लांडग्याच्या हाती दिली. हजार गुण केले की पडद्यावर ते कार्टून दिसतं, अशी अफवा तिकडच्या मुलांत होती. प्रत्यक्षात ९९९ नंतर आकडा परत शून्यावर यायचा. आता हे तीन खेळ कपाटात शेजारी ठेवायचे की दोन देशांच्या दोन फळ्यांवर? कुठंही ठेवा. तिघांचं नातं वहीत लिहिलं की काम झालं. आणि ती अफवाही वहीत जायला हवी, कारण ती खेळाच्या डब्यावर कुठंही छापलेली नाही.

नोंदीला फाटा देणाऱ्यांचा आणखी एक वर्ग गेल्या काही वर्षांत मोठा झाला आहे: सीलबंद खोकी विकत घेणाऱ्यांचा. जुलै २०२१ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा'ची एक न उघडलेली कॅसेट अमेरिकेत ८ लाख ७० हजार डॉलरना विकली गेली. या कॅसेटीचं वैशिष्ट्य असं, की खेळाची प्रगती साठवून ठेवण्यासाठी तिच्या आत एक छोटा लिथियम सेल डाखलेला असतो. म्हणजे जिच्यासाठी इतकी रक्कम मोजली, तिच्या आतला १९८७ च्या आसपासचा सेल आज कुठल्या अवस्थेत आहे हे मालक पाहू शकत नाही. पाहिलं तर किंमत जाते. हौस आपापली, पण याला खेळांचं जतन म्हणू नये. ही गुंतवणूक आहे. जो खेळ वर्षातून एकदोनदा सेल घालून चालवला जातो, त्याचं बटण अडकलंय की पडदा फिकट होतोय हे निदान कळतं तरी.

जतनाचं सर्वांत अवघड काम तर बहुतेक संग्राहकांच्या आवाक्याबाहेरच आहे. टीव्हीला जोडायच्या खेळांचा प्रोग्राम कॅसेटीतल्या चिपवर असतो. तो यंत्रानं वाचून घेता येतो. 'सायमन'सारख्या हातातल्या खेळांत मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० जातीची चिप असते आणि प्रोग्राम तिच्या पोटातच कोरलेला. तो वाचायला चिपचं आवरण तीव्र आम्लानं विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढून, एक-एक बिट मोजावा लागतो. एलसीडी खेळाचं चित्रही प्रोग्राममध्ये नसतं. ते काचेवर असतं. म्हणून खेळ सुटा करून काच स्कॅन करावी लागते. म्हणजे एक नग बळी द्यायचा, तेव्हा उरलेल्यांचा प्रोग्राम वाचतो. अशा मेहनतीतून वाचलेले अनेक खेळ २०१८ पासून इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही ब्राउझरमध्ये खेळता येतात. ज्यांच्याकडे एकाच खेळाचे चार बंद नग पडून आहेत, त्यांनी त्यातला एक अशा कामाला द्यायला काय हरकत आहे?

मॅटेल आणि निन्टेन्डो तरतील. त्यांच्यामागे कंपन्या आहेत, अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयानं २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासासाठी काढलेलं केंद्र आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जपानमध्ये उजी इथं कारखान्याच्या जुन्या इमारतीत उभं राहिलेलं निन्टेन्डोचं स्वतःचं संग्रहालय आहे. धोका आहे तो आपल्या घरांत खेळल्या गेलेल्या खेळांना.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांनी ज्यावर बोटं झिजवली तो 'ब्रिक गेम' आठवा. दोन पेन्सिल सेलांवर चालणारा, वर '९९९९ इन १' असं छापलेला, आत मोजकेच खेळ वेगवेगळ्या वेगांनी आणि पातळ्यांनी गुणून फुगवलेले. बनवणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, माहितीपत्रक असलंच तर तोडक्यामोडक्या इंग्रजीत. किंवा टीव्हीला जोडायचा 'टीव्ही गेम': निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल, 'लिटल मास्टर'सारख्या नावांनी दुकानांत मिळणारी, 'कॉन्ट्रा' आणि 'मारिओ'च्या कॅसेटी भाड्यानं आणायच्या. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा त्या पिढीचा सार्वत्रिक उपाय. त्यानं तोंडातली वाफ पत्र्याच्या दातांवर बसून गंजच वाढायचा. नंतरच्या नकलांमध्ये सगळं यंत्र एका चिपमध्ये आलं, तिच्यावर काळ्या डांबरासारखा ठिपका ओतलेला, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच मिटला. बिघडलं की भंगार.

कायद्याच्या नजरेत यांचं स्थान काय? पुरातन वस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्यानुसार वस्तू साधारण शंभर वर्षं जुनी असावी लागते. १९९५ चा 'ब्रिक गेम' २०९५ पर्यंत तिथं बसत नाही. मात्र ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांच्या यादीत हातात धरायचे व्हिडिओ गेम नावानिशी आहेत. ही तक्रार नाही. शिसं आणि इतर विषारी द्रव्यं असलेलं सामान कचराकुंडीत जाऊ नये हे बरोबरच आहे. पण कचरा म्हणून नोंद झाली आणि दुसरी कुठलीच झाली नाही, तर वीस वर्षांनी या खेळांबद्दल कुणाला काही शोधायचं झाल्यास हाती फक्त आठवणी उरतील, आणि त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या.

म्हणून मराठी संग्राहकांनी जपानच्या लिलावांकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आधी आपल्या गल्लीतला 'टीव्ही गेम' वाचवावा. तो स्वस्त आहे, कुणालाही नको आहे, आणि त्याबद्दल सांगू शकणारी माणसं अजून आहेत: लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या पेठेत ते विकलेले दुकानदार, कॅसेटी भाड्यानं देणारे, डाखणी घेऊन ते दुरुस्त करणारे मेकॅनिक. त्यांना विचारून लिहून घ्यायला कपाट लागत नाही, पैसे लागत नाहीत. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाला हा वर्षभराचा प्रकल्प सहज जमेल. शहरांतल्या संग्रहालयांनी एक फळी जरी यासाठी राखली तरी सुरुवात होईल.

वाचकांकडे मागणं याहून लहान आहे. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून असा एखादा खेळ निघाला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यातले सेल काढा. मग एका कागदावर चार ओळी लिहा: कुणी आणला, कुठल्या साली, कुठल्या दुकानातून, किती रुपयांना, आणि घरात तो सगळ्यांत जास्त कोण खेळायचं. कागद खोक्यात टाका. खेळ ठेवायचा नसेल तर त्या कागदासकट एखाद्या जमवणाऱ्याला देऊन टाका, आणि त्यानं कागद वाचला की नाही ते विचारा.